देवाने माणूस परिपूर्ण का घडवला नाही? ख्रिस्ती श्रद्धेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्मशिक्षणाच्या वर्गात, बायबल अभ्यासाच्या बैठकीत आणि ख्रिस्ती नसलेल्या मित्रांशी गप्पा मारताना हे प्रश्न हमखास निघतात. मी कॅथलिक आहे, त्यामुळे ती शिकवण मला जवळची. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळी जिथे वेगळं म्हणतात, तिथे तसं नमूद केलं आहे.

आदाम आणि हव्वा परिपूर्ण होते ना?

बहुतेकांनी लहानपणी असंच ऐकलेलं असतं: देवाने निर्दोष जोडपं घडवलं, त्यांनी मना केलेलं फळ खाल्लं आणि सगळं बिघडलं. उत्पत्तीच्या पुस्तकात मात्र ‘परिपूर्ण’ असं कुठेच म्हटलेलं नाही. सहाव्या दिवसाच्या शेवटी देव सगळ्या निर्मितीकडे पाहतो आणि ती ‘फार चांगली’ आहे असं त्याला दिसतं (उत्पत्ती 1:31). चांगली, निर्मळ, पण वाढ संपलेली नव्हे. पुढच्याच अध्यायात माणसाला बागेची मशागत सोपवली आहे, प्राण्यांना नावं द्यायचं काम दिलं आहे, आणि त्याने एकटं असणं बरं नाही असं देव स्वतःच म्हणतो. म्हणजे पापाचा मागमूस नसतानाही काहीतरी व्हायचं बाकी आहे.

1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही हेच आहे: देवाने जग पूर्णत्वाकडे निघालेलं, वाटेवरचं असं निर्माण केलं. संत ऑगस्टीनने (354–430) आदामाला पुष्कळ मोठं मानलं. मरण टळू शकेल असं शरीर, विकारांवर ताबा असलेलं मन. तरी त्याचंही म्हणणं असं की आदामाला पाप न करणं शक्य होतं, पण पाप करणंच अशक्य व्हावं अशी त्याची अवस्था नव्हती. ती अवस्था शेवटी मिळायची आहे.

सर्वशक्तिमान देवाला सुरुवातीलाच पूर्ण माणूस घडवता आला नसता का?

या एका प्रश्नावर सगळा विषय फिरतो, आणि त्याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर दुसऱ्या शतकातलं आहे.

संत इरेनियस मूळचा स्मर्ना गावचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरचा. लहानपणी त्याने वृद्ध बिशप पॉलिकार्पला बोलताना ऐकलं होतं. पुढे तो फ्रान्समधल्या लियाँचा बिशप झाला आणि इसवी सन 180 च्या सुमारास त्याने ज्ञेयवादी पंथांच्या विरोधात पाच भागांचा ग्रंथ लिहिला. हे पंथ म्हणत की हे मातीचं, हाडामांसाचं जग खऱ्या देवाने नव्हे, कुण्या खालच्या शक्तीने बनवलं. त्यांपैकी व्हॅलेंटिनस या गुरूचे अनुयायी तर माणसांचे जन्मजात तीन वर्ग मानत: आत्मिक माणसं तरणारच, मातीची माणसं बुडणारच, आणि मधल्यांचं काय ते त्यांच्या वागण्यावर. यात बहुतेकांच्या वाट्याला निवड उरतच नाही.

चौथ्या भागात इरेनियस आपला प्रश्न अगदी याच शब्दांत घेतो: देवाला माणूस पहिल्यापासून परिपूर्ण करता आला नसता का? त्याचं उत्तर असं: देवाला सगळं शक्य आहे, अडचण घेणाऱ्याची आहे. आई तान्ह्या बाळाला जेवण भरवू शकते, पण बाळाला ते पचणार नाही. तसाच माणूस. तो नुकता अस्तित्वात आलेला. जे आत्ता निर्माण झालं ते अनादि देवाच्या तोडीचं पहिल्याच क्षणी होऊ शकत नाही. म्हणून माणसाने आधी व्हावं, मग वाढावं, बळकट व्हावं, आणि देवाचं दर्शन घेण्याजोगं व्हावं. आदाम आणि हव्वा त्याच्या लेखी जवळजवळ मुलंच आहेत, भोळी आणि सहज फसणारी.

याच्या पुढे तो जे म्हणतो ते मला फार मोलाचं वाटतं. ख्रिस्त आला तोही थेट आपल्या पूर्ण तेजात आला नाही. तो बाळ होऊन आला आणि बालपण, किशोरवय, तारुण्य अशा सगळ्या वयांतून गेला. वाढणं ही देवाने माणसावर लादलेली कमतरता असती, तर देवाचा पुत्र स्वतः त्या वाटेने कशाला आला असता?

‘माणूस निर्माण झालेला आहे’ यावर एवढा भर का?

कारण आपल्याकडच्या बहुतेक दर्शनांत जीव अनादि आहे. न्यायदर्शनात परमाणूही अनादि आहेत आणि आत्मेही. ईश्वर त्यांची रचना करतो. ख्रिस्ती शिकवणीत देवाखेरीज अनादि काहीच नाही. देवाने कशातूनही नव्हे, शून्यातून जग निर्माण केलं, आणि आत्माही निर्माण केलेलाच आहे. एकोणिसाव्या शतकात काशीत वाढलेले मराठी पंडित नीळकंठशास्त्री गोरे, 1848 च्या बाप्तिस्म्यानंतरचे नेहेम्या गोरे, यांनी षड्दर्शनांवर टीका केली तेव्हा हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता.

याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. अनादि आत्मा मुळातच पूर्ण असू शकतो. त्याला फक्त झाकलेलं स्वरूप ओळखायचं असतं. निर्माण झालेल्या माणसाला मात्र पूर्णत्व बाहेरून, देवाकडून मिळवायचं असतं. त्याच्यापाशी आधीच असलेलं आणि विसरलेलं असं ते नव्हे.

स्वतंत्र, पण कायम चांगलंच निवडणारी माणसं देवाने का घडवली नाहीत?

तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी 1955 च्या एका गाजलेल्या निबंधात हाच पेच टाकला होता. माणूस एकदा स्वेच्छेने चांगलं निवडू शकतो, तर प्रत्येक वेळी का नाही? आणि तशी माणसं घडवणं देवाला शक्य नसेल तर तो सर्वशक्तिमान कसा? अमेरिकी तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा यांनी 1974 मध्ये उत्तर दिलं की निवड खरोखर माणसाची असेल, तर ती अमुकच होईल याची सोय देवाने करून ठेवणं ही गोष्टच परस्परविरोधी आहे. या उत्तरावर तर्काच्या अंगाने बरीच चर्चा झाली, आणि देव व दुष्टता एकत्र असणं तर्कदृष्ट्या अशक्य आहे हा दावा त्यानंतर पुष्कळच मागे पडला.

माझ्या मते हे उत्तर बरोबर असलं तरी कोरडं आहे. इरेनियस जास्त खोल जातो. तो म्हणतो, चांगुलपणा आपोआप, न मागता चिकटलेला असता, तर माणसाला त्याची गोडीही कळली नसती आणि किंमतही. देवाला हवं होतं प्रेम, आणि जिथे ‘नाही’ म्हणताच येत नाही तिथल्या ‘हो’ला आपण प्रेम म्हणत नाही.

मी काय निवडणार हे देवाला आधीच ठाऊक आहे. मग माझी निवड खरी कशी?

इसवी सन 524 च्या सुमारास बोएथियस नावाचा रोमन विद्वान देहदंडाची वाट पाहत कैदेत होता, तिथे त्याने यावर विचार केला. देवाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ नाही. सगळा काळ त्याच्यासमोर एकदमच आहे. तो माझी उद्याची कृती आज ओळखत नाही, ती होत असतानाच पाहतो. आणि पाहणाऱ्यामुळे कृती घडत नसते.

पण देव नुसता पाहत नाही, जग चालवतोही. तेव्हा पेच पुरता सुटत नाही. 1588 मध्ये जेझुइट या कॅथलिक संघातल्या लुईस द मोलिना या स्पॅनिश धर्मगुरूने असं मांडलं की कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत स्वेच्छेने काय करेल, हेही देवाला ठाऊक असतं आणि त्यानुसार तो जगाची व्यवस्था लावतो. डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या पंडितांना यात देवाची कृपा दुबळी झालेली दिसली. रोममध्ये वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर 1607 मध्ये पोप पाचवा पॉल याने निकाल न देता दोन्ही बाजूंना एकमेकांना पाखंडी म्हणायला मनाई केली. तो निकाल आजवर लागलेला नाही.

फारोचं मन तर देवानेच कठीण केलं! त्याचा काय दोष?

फारो म्हणजे इस्राएल लोकांना गुलामीतून सोडायला नकार देणारा मिसरचा राजा; त्यापायी देवाने मिसरवर एकामागून एक पीडा आणल्या. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचे अध्याय 7 ते 9 सावकाश वाचून पाहा. पहिल्या पीडांमध्ये फारोचं मन कठीण झालं, किंवा त्याने ते कठीण केलं, असं येतं. परमेश्वराने ते कठीण केलं असं पीडांच्या वर्णनात प्रथम येतं ते सहाव्या पीडेनंतर (9:12). म्हणजे फारोने आधी स्वतः निवडलं आणि मग त्या निवडीतच तो पक्का झाला. हे वाचन मला पटतं. तरी ‘मी त्याचं मन कठीण करीन’ हे शब्द देव 4:21 मध्ये आधीच बोलून गेला आहे, आणि रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात प्रेषित पौल त्याच आधारावर देवाच्या सार्वभौम इच्छेबद्दल बोलतो. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या परंपरेतले ख्रिस्ती या वचनांना जास्त वजन देतात. त्यांना उडवून लावू नये. त्यांच्या हातात पवित्र शास्त्राचे खरे शब्द आहेत.

आदामाच्या पापाची शिक्षा मला का? याहून कर्मसिद्धांत न्याय्य नाही का?

प्रश्न रास्त आहे, आणि बायबलनेही तो विचारला आहे. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी म्हण इस्राएलात होती. ती म्हण यापुढे चालणार नाही, जो पाप करील तोच त्याची फळं भोगील, असं यहेज्केल संदेष्टा 18 व्या अध्यायात बजावतो.

मग मूळ पाप काय आहे? कॅथलिक शिकवण स्पष्ट आहे: आदामाच्या वंशजांमध्ये तो वैयक्तिक अपराध नाही. तो आपण केलेला नाही, तर आपल्याकडे आलेला आहे; देवाशी असलेली जवळीक हरवलेली, इच्छा दुबळी झालेली अशी अवस्था. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती म्हणतात की आपल्याकडे मरण आणि बिघाड आला, दोष आला नाही. प्रोटेस्टंट सुधारक लूथरच्या परंपरेत भाषा कडक आहे: 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात ते खरोखरचं पाप आहे असं म्हटलं आहे.

कर्मसिद्धांतात हिशेब माझा माझ्यापाशी राहतो, फक्त तो अनेक जन्मांवर पसरतो. ख्रिस्ती माणूस एकच जन्म मानतो, म्हणून त्याला दुसरीकडे पाहावं लागतं: आपण एकेकटे नाही, सारी मानवजात एका धाग्यात आहे. पडलो ते एकत्र, आणि ख्रिस्तात उभे राहायचं तेही एकत्र. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल आदामाची आठवण काढतो ती ख्रिस्ताबद्दल बोलण्यासाठीच.

देवाची इच्छाच पूर्ण होणार असेल, तर माझ्या इच्छेला अर्थ काय?

या प्रश्नापायी एका म्हाताऱ्या साधूची जीभ कापली गेली.

सातव्या शतकात बायझंटाइन सम्राटांना साम्राज्यातल्या ख्रिस्ती गटांमध्ये तडजोड हवी होती. सूत्र निघालं: ख्रिस्ताची इच्छा एकच, दैवी. ऐकायला निरुपद्रवी. मॅक्सिमस नावाच्या साधूने मात्र गेथशेमाने बागेतली, येशूच्या मरणाआधीची रात्र समोर ठेवली. तिथे येशू जमिनीवर पालथा पडून प्रार्थना करतो: हा प्याला माझ्यापासून टळो, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मरणाला घाबरणारी ती ‘माझी इच्छा’ कोणाची? मॅक्सिमस म्हणाला, ती त्याची खरीखुरी मानवी इच्छा आहे. ती पुसली गेली नाही. तिने स्वतः पित्याला होकार दिला. ख्रिस्ताला मानवी इच्छाच नसती, तर आपल्यातलं जे सर्वांत आजारी आहे ते, म्हणजे आपली इच्छाच, बरी व्हायची राहून गेली असती.

मॅक्सिमसवर खटला चालला. 662 मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्याची जीभ आणि उजवा हात कापला गेला आणि त्याला काळ्या समुद्राच्या पूर्वेकडे, आजच्या जॉर्जियात हद्दपार केलं. तिथेच त्याच वर्षी तो वारला. पुढे 680–81 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ताला दोन इच्छा आहेत असा निर्णय दिला.

म्हणून ‘देवाची इच्छा’ म्हणत हात जोडून गप्प बसणं ही ख्रिस्ती शरणागती नव्हे. गेथशेमानेत इच्छा आहे, भीती आहे, विनवणी आहे आणि मग होकार आहे.

आधी काय, देवाची कृपा की माणसाचा प्रयत्न?

कृपा. यावर सगळे मुख्य पंथ एकमत आहेत. माणूस स्वतःच्या बळावर निष्पाप जगू शकतो असं पेलाजियसचं मत होतं. ते कार्थेजच्या परिषदेने 418 मध्ये नाकारलं. देवाकडे वळण्याची पहिली इच्छासुद्धा कृपेनेच होते, हे 529 च्या ऑरेंज परिषदेने सांगितलं.

मतभेद आहे तो पुढचा: कृपा आल्यावर माणसाकडे काय उरतं? 1524 मध्ये कॅथलिक विद्वान इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं, 1525 मध्ये लूथरने त्याला उत्तर दिलं की पापात सापडलेली इच्छा गुलामच असते. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये म्हटलं की ती दुबळी झाली, विझली नाही. तिला कृपेला साथही देता येते आणि नकारही. नेदरलँड्समध्ये 1618–19 च्या डॉर्टच्या प्रोटेस्टंट परिषदेने, माणूस कृपा नाकारू शकतो असं मानणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांविरुद्ध निर्णय दिला की देवाने निवडलेल्याला कृपा अखेर जिंकतेच. 31 ऑक्टोबर 1999 रोजी मात्र आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लूथरन चर्चनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपण नीतिमान ठरतो ते आपल्या पुण्याईने नव्हे, केवळ कृपेने.

इस्तंबूलच्या जुन्या कोरा चर्चमध्ये (आता मशीद) चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक भित्तिचित्र आहे. पुनरुत्थित ख्रिस्त मोडून पडलेल्या नरकद्वारांवर उभा आहे आणि आदाम-हव्वेला थडग्यांतून ओढून वर काढतो आहे. नीट पाहिलं तर त्याने त्यांचा पंजा धरलेला नाही, मनगट धरलं आहे. हातात हात असता तर दोघांनी एकमेकांना धरलं असं म्हणता आलं असतं. इथे धरणारा एकच आहे. आणि तरी आदाम निर्जीव लोंबकळत नाही. त्याचा चेहरा ख्रिस्ताकडे वळलेला आहे.

तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करताना त्याची इच्छा कुठे विचारतात?

विचारत नाहीत. आईबाप आणि धर्ममातापिता सैतानाचा त्याग करून श्रद्धा कबूल करतात. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन, अँग्लिकन सगळे असंच करतात, कारण कृपा आधी येते. ऑर्थोडॉक्स परंपरेत दृढीकरण बाप्तिस्म्यासोबतच होतं; बाकीच्यांत वयात आल्यावर दृढीकरणाच्या विधीत तो होकार स्वतः द्यायचा असतो. बाप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळी जाणत्या वयापर्यंत थांबतात.

‘तुम्ही परिपूर्ण व्हा’ ही येशूची आज्ञा अशक्य नाही का?

मत्तय 5:48 एकटं काढून वाचलं तर माणूस खचतो. मनात एक चुकीचा विचार आला तरी आपण बाद, या भीतीने रात्र काढणारी माणसं मला ठाऊक आहेत. त्यांना मी आधीच्या ओळी वाचायला सांगतो. तिथे विषय चुका टाळण्याचा नाही, शत्रूवर प्रेम करण्याचा आहे. पिता आपला सूर्य भल्यांवर आणि बुऱ्यांवर सारखाच उगववतो, तसे व्हा. लूकमध्ये त्याच जागी ‘दयाळू व्हा’ असं आहे (6:36). निवडक लोकांपुरतं न थांबणारं, सगळ्यांना पुरणारं प्रेम, हे ते पूर्णत्व.

जॉन वेस्लीने (1703–1791) ही आज्ञा फार मनावर घेतली. देव याच जन्मात माणसाचं मन प्रेमाने पूर्ण भरू शकतो, अशी त्याची शिकवण होती. अज्ञान आणि हातून होणाऱ्या चुका मात्र राहतात, असंही तो सांगे. मेथडिस्ट चर्चमध्ये पाळकाला दीक्षा देताना आजही विचारतात, ‘तू परिपूर्णतेकडे चालला आहेस का?’ पोहोचलास का, असं विचारत नाहीत.

येशू निष्पाप होता. मग इब्री लोकांस पत्रात तो ‘परिपूर्ण झाला’ असं का?

तिथे (5:8–9) म्हटलं आहे की पुत्र असूनही तो सोसलेल्या दुःखांतून आज्ञापालन शिकला. लूक म्हणतो तो ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला (2:52). निष्पाप असूनही वाढायचं असू शकतं. इरेनियसचा सगळा मुद्दा या दोन वचनांत आहे.

मनुष्याच्या निवडीमुळे युद्धं होतात हे कळतं. पण भूकंप? लहान मुलांचे कर्करोग?

इथे इच्छास्वातंत्र्याचं उत्तर पुरत नाही, हे मान्य करायला हवं. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जमलेले असताना लिस्बन भूकंपाने कोसळलं. तिथे कोणी चुकीचं निवडलं नव्हतं. जॉन हिक यांनी 1966 मध्ये इरेनियसचा धागा पकडून मांडलं की जग ही आत्मे घडण्याची जागा आहे आणि संकटांशिवाय धैर्य, करुणा घडत नाही. यात तथ्य आहे. पण जे मूल काही शिकायच्या आतच गेलं, त्याचं काय?

पौल म्हणतो, सारी सृष्टी अजून कण्हत आहे, वेणा देत आहे (रोम 8:22). म्हणजे सृष्टीही अपुरीच आहे, वाटेवर आहे. याहून जास्त खुलासा मी कोणाच्या दुःखाच्या घरी जाऊन करणार नाही. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाच्या मित्रांनी तो केला, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला (ईयोब 42:7).

आदामाने पाप केलं नसतं तर ख्रिस्त आला असता का?

ईस्टरच्या आदल्या रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये पास्कामेणबत्तीजवळ उभं राहून डीकन किंवा धर्मगुरू जे प्राचीन स्तुतिगीत गातात, त्यात एक चकित करणारी ओळ आहे: आदामाचा अपराध धन्य, कारण त्याच्यामुळे एवढा थोर तारणारा लाभला. थॉमस अक्वायनसचा (निधन 1274) कल याच बाजूने होता: पाप झालं म्हणून ख्रिस्त आला. डन्स स्कॉटस (निधन 1308) म्हणाला, देवाच्या सर्वश्रेष्ठ कृतीचं कारण माणसाचं पाप कसं असेल? तो आलाच असता. मला स्कॉटसचं पटतं. माणूस वाढण्यासाठीच घडवला असेल, तर त्या वाढीचं टोक असलेला ख्रिस्त देवाच्या मनात पहिल्यापासून असणार.

उत्क्रांती मानली तर हे सगळं कोसळतं का?

नाही. मानवी शरीराच्या उत्क्रांतीबद्दल संशोधनाची वाट पोप बाराव्या पायसने 1950 मध्येच मोकळी ठेवली, आत्मा मात्र देव थेट निर्माण करतो असं सांगून. 1996 मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉलने उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही असं म्हटलं. सहा दिवस शब्दशः मानणारे ख्रिस्तीही आहेत, आपल्याकडेही आहेत.

मराठीत ही कथा पहिल्यांदा कोणी सांगितली?

छापील आणि सविस्तर अशी, फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि सासष्टीत राहिला. त्याचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. निर्मिती आणि आदाम-हव्वेची कथा त्यात ओवीत आहे, म्हणजे म्हणता येईल अशी. गोव्यातले ख्रिस्ती ती गातही असत.

स्वर्गात पाप करता येणार नाही. मग तिथे स्वातंत्र्य उरेल का?

ऑगस्टीनचं उत्तर: देवालाही पाप करता येत नाही, आणि त्याच्याहून स्वतंत्र कोणी नाही. तेव्हा पाप करण्याची मुभा हा स्वातंत्र्याचा गाभा नव्हेच. वाटेवर असताना ती मुभा लागते, कारण होकार अजून पक्का व्हायचा असतो. पक्का झालेला होकारही माझाच असतो.

पण मग वाढ थांबते का? चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी मोशेच्या जीवनावर लिहिताना म्हणतो, थांबत नाही. चांगुलपणात अधिकाधिक वाढत राहणं हीच माणसाची परिपूर्णता. मागचं विसरून पुढच्याकडे धाव घेणारा पौल (फिलिप्पै 3:13) त्याला आठवतो. ऑगस्टीन स्वर्गाला विसावा म्हणतो. माझा ओढा ग्रेगरीकडे आहे. निर्माण झालेला माणूस तिथेही निर्माण झालेलाच राहणार, अनंत होणार नाही. म्हणून अनंत देवाकडून घेण्यासारखं त्याच्यासाठी नेहमीच काही शिल्लक असणार.